कोकण किनारा, ४०० किलोमीटर आणि पोटाची सोय

पायडलपंत

मंडळी, जानेवारीत सायकलवर ४०० ची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी) करायची ठरवली आहे. रत्नागिरीहून शनिवारी पहाटे ५ ला सुटायचं. सागरी महामार्गाने पावस, आडिवरे, जैतापूर, पडेल, देवगड, आचरा, मालवण असं खाली खाली जात वेंगुर्ला. तिथून कुडाळला बाहेर पडायचं आणि मुंबई-गोवा महामार्गाने कणकवली, राजापूर, लांजा करत परत रत्नागिरी. वेळ २७ तास, म्हणजे रविवारी सकाळी ८ च्या आत घरी.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: ही शर्यत नव्हे, नंबर काढत नाहीत. ठरलेल्या कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी) ठरलेल्या वेळेत पोचून ब्रेव्हे कार्डावर शिक्का घ्यायचा. वेंगुर्ल्याचं कंट्रोल २०० किलोमीटरवर, संध्याकाळी ६:२० ला बंद होतं. वाटेत मागे गाडी ठेवता येत नाही. खाणंपिणं, पंक्चर, रडणं सगळं स्वतःचं स्वतः.

पुण्याच्या आसपास २०० आणि ३०० करताना खाण्याचा विचारच करावा लागला नाही, थांबलं की समोर मिसळ. इथे नकाशा मोठा करून बघतोय तर जैतापूर ते देवगड नुसता हिरवा आणि तपकिरी रंग. मी शाकाहारी, अंडं चालतं. मित्र म्हणतो, "कोकणात उपाशी मरशील, एनर्जी जेलची पाकिटं भरून घे." आई म्हणते, "कोकणात कोणी उपाशी राहतं का?" कोणाचं ऐकू?

हातखंबा_तिठा

दिवसा आईचं, रात्री मित्राचं.

फक्तवाचक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. माझ्यापुरता खाण्याचा प्रश्न सुटला.

सडेकर

पंत, आधी रस्ता समजून घ्या, म्हणजे खाणं आपोआप समजेल. किनाऱ्याचा रस्ता सपाट असतो असा घाटावरच्या लोकांचा गोड गैरसमज आहे. तिथे दर थोड्या वेळाने एक खाडी येते. रस्ता उतरून पुलावर येतो, पूल ओलांडला की पुन्हा चढ, आणि चढ संपला की जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार. पूर्णगडला हेच, जैतापूरला हेच, वाघोटणला हेच.

आता दुकानं कुठे? बाजार, एसटीचा थांबा, चहाची टपरी हे सगळं खाली खाडीच्या काठाला नाहीतर तिठ्यावर. सड्यावर काजू, करवंदीच्या जाळ्या आणि ऊन. सावली नाही, पाणी नाही, माणूसही क्वचित. जानेवारीतसुद्धा ११ नंतर तो काळा दगड खालून भाजतो.

म्हणून माझी पद्धत अशी. खाली बाजारात थांबायचं, चहा प्यायचा, बाटल्या भरायच्या, पण जेवायचं नाही. खाणं खिशात घालून चढायचं आणि वर सपाटीला लागलं की चालत्या सायकलवर हळूहळू खायचं. भरल्या पोटी खाडीचा चढ चढणाऱ्यांचे चेहरे मी पाहिलेत. खिशात काय? केळी, राजगिऱ्याचे लाडू, आंबापोळी, चिक्की. आंबापोळी चपटी असते, वितळत नाही, सांडत नाही आणि एका हाताने तोडून खाता येते. ती बनवणाऱ्या बाईंनी सायकलवाल्यांचा विचार केला नसेल, पण वस्तू आपल्यासाठीच आहे.

कॅडेन्स९०

राव, इतकं भावनिक होऊ नका. २७ तासांत थांबण्यात गेलेला प्रत्येक मिनिट झोपेतून वजा होतो. दर ४० मिनिटांनी एक जेल, बाटलीत पावडर. काय खाल्लं, किती खाल्लं, सगळं मोजलेलं. चहावाल्याच्या बाकावर बसलं की वीस मिनिटं कुठे जातात कळत नाही. आधी चहा, मग "कुठून आलात", मग "सायकल केवढ्याची", मग त्यांच्या भाच्याची मुंबईतली नोकरी.

हातखंबा_तिठा

@कॅडेन्स९०, सायकलची किंमत विचारली की मी निम्मी सांगतो. तरी समोरचा म्हणतो, "एवढ्यात बुलेट आली असती."

घरची_बुलेट

आली असतीच. :)

उकडातांदूळ

@कॅडेन्स९०, दहा-बारा जेल झाल्यावर तोंडाचं काय होतं ते लिहिलं नाहीत. रात्री २ वाजता व्हॅनिलाच्या चवीचं चिकट काहीतरी समोर धरलं की पोट हात जोडतं. माझ्याबरोबरच्या एका गड्याने ३०० नंतर गोड बघायलाच नकार दिला होता. राजापूरला कोणाच्या तरी डब्यातल्या लिंबाच्या लोणच्याची फोड मिळाली, ती चघळत तो लांज्यापर्यंत आला.

पंत, कोकणात आहात तर पेज मागा. उकड्या तांदळाची पेज, मीठ घातलेली, बरोबर लोणचं किंवा सुकं खोबरं-लसणीची चटणी. भातही आला, पाणीही आलं, मीठही आलं. चावावं लागत नाही. गावातली माणसं सकाळी पेज पिऊन शेतात जातात ती काही हौसेने नव्हे.

डॉक्टरीणबाई

जेल की पेज हा वाद जरा बाजूला ठेवून आधी हिशेब. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात, म्हणजे फार तर २००० किलोकॅलरी. ४०० किलोमीटरला माणूस, वजन, वारा यांप्रमाणे त्याच्या चार-पाच पट सहज लागतात. चरबी सगळ्यांकडे मुबलक असते, पण ती सावकाश जळते आणि खाडीचा चढ तेवढा धीर धरत नाही. म्हणून तासाला ५०-६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जात राहायला हवीत.

नुसतं ग्लुकोज असेल तर आतडी तासाला साधारण ६० ग्रॅमच शोषतात. जोडीला फ्रुक्टोज असेल तर ते वेगळ्या मार्गाने आत जातं आणि सराव असणाऱ्यांची मजल ९० पर्यंत जाते. जेलच्या पाकिटावर हे मोठ्या अभिमानाने छापलेलं असतं. आपली साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोजच. गुळातही मुख्यतः तीच. ६० ग्रॅम म्हणजे मध्यम आकाराची दोन-अडीच केळी किंवा २०० ग्रॅम शिजलेला भात. वेलची केळी असतील तर घड मोडत बसा.

ओआरएसबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरभर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. पाणी आणि क्षार भरून काढायला ते उत्तम, इंधन म्हणून त्याचा उपयोग नाही. लोक दिवसभर ओआरएस पितात आणि गळून का गेलो म्हणून विचारतात. घ्यायचं तर औषधाच्या दुकानातली सूत्राप्रमाणे बनवलेली पूड घ्या, गोड पेयाचा खोका नव्हे.

दुसरं टोक म्हणजे तासामागे तास नुसतं साधं पाणी ढोसणं. त्याने रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, आणि माणूस समजतो पाणी कमी पडलं म्हणून आणखी पितो. तहान लागेल तसं प्या, जोडीला खारट खात राहा. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम थोडं, म्हणून शहाळ्याबरोबर खारे शेंगदाणे. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी मिठा-साखरेचं आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं, या धाग्यावरून नव्हे.

टायरट्यूब

वाखूसा (वाचनखूण साठवली). ताई, तुम्ही आमच्या गावात का नाही?

आत्याबाई_आचरा

खारट आणि गोड एकत्र हवं असेल तर आगळ न्या. कोकमं मिठाबरोबर ठेवून सुटलेला रस तो आगळ, सोलकढीला वापरतात. कोकम सरबताच्या बाटलीत साखरेचा पाक असतो, आगळात मीठ. छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत आगळ घ्या. सायकलच्या बाटलीत अर्धा लिटर पाणी, दोन चमचे आगळ, चार चमचे साखर. आगळ कोणी किती खारट करतं याचा नेम नाही, म्हणून चव बघून कमी-जास्त करा. बाजारात साखर कुठेही मिळते, त्यामुळे वाटेत पुन्हा पुन्हा करता येतं.

सोलकढी मात्र बाटलीत भरून नेऊ नका. नारळाचं दूध उन्हात लवकर बिघडतं.

डॉक्टरीणबाई

@आत्याबाई_आचरा, झकास. चार चमचे म्हणजे वीसेक ग्रॅम साखर. उरलेले ४० ग्रॅम चावून खायचे.

कॅडेन्स९०

मानलं. आगळ आणतो. जेलही आणतो.

सदूची_सायकल

पंत शाकाहारी आहेत हे वाचून वाईट वाटलं. मालवणातून जाणार आणि सुरमई न खाता? माणूस सायकल कशासाठी चालवतो?

हातखंबा_तिठा

सदूभाऊ, सायकलवर असताना तुकडी खायचीच तर रवा लावून तळलेली एक आणि भात, इथपर्यंत ठीक. वडे-सागोतीच्या (वडे आणि मटण-कोंबडीचा रस्सा) वाटेला गेलात तर पुढच्या एसटी थांब्यावर आडवे सापडता. वडे तेलातले, सागोतीत वाटण खोबऱ्याचं. चरबी पोटात रेंगाळते आणि रक्त पायांऐवजी तिकडे.

सदूची_सायकल

मी आडवा होतो, पण समाधानाने.

उकडातांदूळ

पावसाळ्यात येणाऱ्यांसाठी: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताजी सुरमई म्हणून जे पुढे येईल त्याचं वय विचारावं. तिसऱ्या आणि कालवं, म्हणजे शिंपल्यांतलं काहीही, लांब पल्ल्याच्या मध्यावर कधीच नकोत, कितीही ताजी असली तरी. एक बिघडली की पुढे कंट्रोल नाही, झुडपं.

मालवनी_झिल

अरे बाबांनू, आमच्याकडे इलात तर आदी फोन करा. घरात भात असताच, पण धा सायकलवाल्यांका अचानक कोण वाढतलो? आणि मालवणात साडेतीनाक जेवूक मागशात तर खानावळवाली तुमका बगून दार लावतली. दुपारची पंगत तीनपर्यंत. मगे माणसा निजतत. सातापर्यंत कोणाक उठवूचा नाय.

पायडलपंत

@मालवनी_झिल, अरे देवा. माझ्या वेळापत्रकात मालवण बरोबर साडेतीनला आहे आणि तिथे मी "जेवण" असं लिहून ठेवलंय.

मालवनी_झिल

खोडा ता. देवगडाक जेवा.

निवांत_पेडल

बायकांच्या बाजूने एक गोष्ट लिहिते, कारण वर कोणी लिहिलेली नाही. मी खायला कुठे थांबायचं हे आधी स्वच्छतागृहावरून ठरवते, पदार्थावरून नंतर. सागरी महामार्गावर टपरी चांगली असते, पण मागे काहीच सोय नसते. म्हणून मग बायका पाणी कमी पितात आणि दुपारी डोकं धरून बसतात. घरगुती खानावळ इथेच कामाची. घर असतं, घरातल्या बाईला विचारता येतं, तोंड धुता येतं, दहा मिनिटं ओसरीवर पाठ टेकता येते. एसटी स्टँडची अवस्था स्टँडागणिक वेगळी, पण पहाटे आणि रात्री उघडं आणि उजेडात असलेलं ते एकच ठिकाण असतं, हे विसरू नका.

शिवाय सुट्टे पैसे. खाडीच्या तोंडाला रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत आणि दोन चहांसाठी आपण पाचशेची नोट काढतो.

घरची_बुलेट

मग तिथे पार्ले-जीचे वीस पुडे घ्यावे लागतात. तेही कामाला येतात म्हणा.

टायरट्यूब

नियमाचं विचारायचं होतं. माझी मावशी मिठबावला राहते, घर रस्त्यावरच. ती डबा घेऊन फाटकात उभी राहिली तर चालेल का?

सडेकर

नियम काटेकोर वाचला तर नाही. खाजगी मदत फक्त कंट्रोलवर. दुकान, हॉटेल, टपरी चालते कारण ती सगळ्यांना उघडी असते.

टायरट्यूब

मावशी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनाच जेवायला बोलावते. अगदी खरं सांगतो, पोस्टमनलाही.

हातखंबा_तिठा

मग आयोजकांना सांगून मावशीचंच कंट्रोल करून टाका. शिक्क्याऐवजी हळदीकुंकू.

सडेकर

हसा, पण मावशीकडे पहिला थांबतो तो दीड तास उठत नाही, हे मी पाहिलंय. "अजून एक घावणा घे" या वाक्याला कुठलंही कंट्रोल थांबत नाही.

चुलीवरची

मी धाग्यावर उशिरा आले. आमची घरगुती खानावळ देवगड तालुक्यात रस्त्यालगत आहे. नाव लिहीत नाही, जाहिरात नको. सायकलवाले वर्षातून बऱ्याच वेळा येतात. चुलीच्या बाजूने जे दिसतं ते सांगते.

सहा-सात जण दारात येतात आणि म्हणतात, "काकू, पटकन काय मिळेल?" पटकन काही मिळत नाही हो. आमच्याकडे जेवण करून ठेवलेलं नसतं. सकाळी माणसं मोजून भात टाकतो. न सांगता आलात तर ताट पुढ्यात यायला पाऊण तास. मग तुमचं लक्ष घड्याळात, माझं कुकरात, आणि शेवटी चार घास खाऊन बाकीचं टाकून उठता. मला ते आवडत नाही.

आदल्या दिवशी फोन करा. किती जण, साधारण कधी आणि काय चालतं एवढंच सांगा. कुळथाची पिठी, भात, पापड, लोणचं, आमटी-उसळ काहीतरी, हे दहा मिनिटांत वाढून होतं. फलकावर लिहिलेली थाळी मागू नका, ती पर्यटकांसाठी. सायकलवाल्याने मऊ भात आणि मेतकूट मागावं. फलकावर नसतं, पण आमच्याकडच्या बहुतेक घरांत असतं, आणि मागितलं तर बाईला बरंच वाटतं की हा माणूस शहाणा आहे.

वेळेवर काही हवंच तर घावणे मागा. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं की बिड्यावर (बिडाच्या तव्यावर) लगेच होतात. आंबोळी मागू नका, तिचं पीठ रात्री आंबवायला ठेवावं लागतं. नारळाचा रस आणि गूळ घालून रसघावणे सगळ्यांना हवे असतात, तेही आधी सांगितलं तरच. आणि ते चार खाऊन लगेच सायकलवर बसू नका.

एकदा एका गटाने आठ जणांचं सांगितलं आणि वारा समोरून आहे म्हणून न थांबता तसेच पुढे गेले. फोनही नाही. आठ माणसांचा भात आम्ही काय करणार? उशीर झाला तर कळवा, येणार नसाल तरी कळवा. इतकंच मागणं.

पाणी आमच्या विहिरीचं आहे, आम्ही तेच पितो. तुमची पोटं वेगळी, उकळलेलं हवं तर मागून घ्या, संकोच नको.

डॉक्टरीणबाई

@चुलीवरची, दंडवत. मऊ भात, मेतकूट आणि पिठी यावर मला वैद्यकीय दृष्ट्या काहीही वाढवायचं नाही.

कॅडेन्स९०

काकू, प्रामाणिक प्रश्न. दहा मिनिटांत वाढून, पंधरा मिनिटांत जेवून, असं खरंच जमतं का? जमत असेल तर माझा मुद्दाच राहत नाही.

चुलीवरची

वाढणं माझ्या हातात. तुम्ही फोटो काढत बसलात तर माझा इलाज नाही.

फक्तवाचक

फोटो नाहीत तर फाउल असतो इकडे, काकू.

उकडातांदूळ

पहाटेचं कोणीच बोललं नाही. ५ ला रत्नागिरी सोडलीत की पावसला सहा-सव्वासहाला असाल आणि जानेवारीत तेव्हा पुरतं उजाडलेलंही नसतं. टपऱ्या उघडायच्या असतात. पहिला खात्रीचा नाश्ता आडिवऱ्याच्या बाजूला आठच्या सुमाराला धरा. उसळ-पाव मिळाला तर घ्या, तर्री नको म्हणा. म्हणजे पहिले तीन तास घरून आणलेल्यावर. शुक्रवारी रात्री भाताचं साधं जेवण, आणि निघायच्या आधी रत्नागिरीच्या स्टँडवर चहा.

अवांतर: पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या मठात दुपारी प्रसाद असतो. तुमच्या वेळेत बसणार नाही, पण जे उलट्या दिशेने टूर करतात त्यांनी लक्षात ठेवा. रांगेत बसायचं, मान खाली घालून जेवायचं, ताट टाकायचं नाही.

घरची_बुलेट

आता रात्रीचं. दिवसाचं सगळं गोडगोड झालं, पण पंतांचे महामार्गावरचे दहा-बारा तास रात्रीचे आहेत.

मी तो रस्ता मोटरसायकलने नेहमी करतो. कुडाळला आठच्या सुमाराला पोचाल, तिथे नीट जेवून घ्या. गाव जागं असतं. कणकवलीत महामार्ग उड्डाणपुलावरून जातो. पुलावर चढलात की अख्खी बाजारपेठ खालून निघून जाते आणि कळतही नाही. सर्व्हिस रोडने खालून जा, दहा-साडेदहाला काहीतरी उघडं सापडेल आणि पुढच्या चार तासांचं खिशात भरून घेता येईल. तळेरे, खारेपाटण मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे. चौपदरी रस्ता झाल्यापासून बऱ्याच जुन्या हॉटेलांच्या पुढून रस्ताच उठून गेलाय. त्यामुळे "इथे कायम उघडं असतं" असं कोणी सांगितलं तर विचारा, कधी गेला होतास?

ट्रकवाले जिथे थांबलेत तिथे थांबा. पहाटे तीनला तिथे डाळ-रोटी आणि कडक चहा मिळाला तर मिळाला. न मिळाला तर तुमची केळी. पहाटे लांज्याच्या स्टँडवर हलचल सुरू होते.

निवांत_पेडल

रात्री दहानंतर तिखट आणि तळलेलं बंद, हा माझा नियम. डाळ-भात मागायचा, रोटी नाही. थंडीत धाब्याची रोटी दोन मिनिटांत चामड्यासारखी होते. आणि अंडं चालतं ना पंत? उकडलेली दोन अंडी मीठ लावून. रात्रभर गोड खाल्ल्यावर त्यांची किंमत कळते.

मालवनी_झिल

जत्रेचा कोणच सांगूक नाय? जानेवारीत आमच्याकडे गावागावात जत्रा. रातभर दशावतार, भायर खाजाची दुकाना, भजी, चाय. वेंगुर्ला-कुडाळ वाटेर कुठल्या गावाची जत्रा त्या राती आसा ता आदी विचारून घेवा. मध्यरातीक लाईट, माणसा, गरम चाय. पण नाटक बगूक बसशात तर सकाळी थयच.

आत्याबाई_आचरा

खाजा खरंच चांगला. बेसनाची कांडी, वरून गूळ-आल्याचा पाक. गोड आहे पण आलं झणझणतं, त्यामुळे जेलसारखा कंटाळा येत नाही. पिशवीत आठवडाभर टिकतो. कडक असतो, कवळी असलेल्यांनी जपून.

आणि फेब्रुवारीत कोणी येणार असेल तर आंगणेवाडीच्या यात्रेची तारीख आधी बघा. ती देवीच्या कौलाने ठरते, दर वर्षी वेगळी. त्या दिवशी मालवण-कणकवलीच्या पट्ट्यात सायकल सोडा, पायी चालायला जागा नसते.

सदूची_सायकल

हा धागा वाचून दोन किलो वाढलो.

पायडलपंत

सगळ्यांचे मनापासून आभार. नवा बेत लिहितो, त्यावर घाव घाला.

शुक्रवारी रात्री साधा वरण-भात. खिशात सहा केळी, राजगिरा लाडू, आंबापोळी, जेल फक्त चार. छोट्या बाटलीत आगळ, पुडीत साखर, खारे शेंगदाणे. आडिवऱ्याला आठला नाश्ता. जैतापूरला पाणी भरून लगेच निघायचं, वरच्या सड्यावर चालता चालता खायचं. पडेल कॅन्टीनच्या तिठ्यावर चहा आणि केळी मिळाल्यास पुन्हा भरती. एकच्या सुमाराला देवगडच्या बाजूला जेवण, आधी फोन करून: मऊ भात, मेतकूट, पिठी. मालवणला थांबायचं नाही, शहाळं पिऊन पुढे. वेंगुर्ल्याला ६:२० च्या आत शिक्का, बेकरीतून काहीतरी खारं. कुडाळला डाळ-भात. कणकवलीत पुलाखालून, तिथे उकडलेली अंडी आणि खाजा. पुढे जे मिळेल ते, न मिळालं तर चार जेल.

बरोबर आमच्यातले आणखी चार-पाच जण असतील.

सडेकर

चांगलं आहे. जैतापूर ते पडेल दोन बाटल्या पुरणार नाहीत, तिसरी जर्सीच्या खिशात. केळी सहा नका नेऊ, तीन न्या. बाकीची खिशात शिकरण होतात. वाटेत मिळतात.

डॉक्टरीणबाई

एक दुरुस्ती. मेतकूट, आगळ, राजगिरा यांतलं पोटाला नवं असेल ते आधी एखाद्या रविवारच्या लांब फेरीत खाऊन बघा. नवा पदार्थ आणि नवी सीट, दोन्ही ब्रेव्हेच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नयेत.

कॅडेन्स९०

चारऐवजी आठ जेल न्या. उरले तर मला द्या, मीही त्याच राइडला आहे. आणि काकूंना माझाही भात टाकायला सांगा.

हातखंबा_तिठा

धर्मांतर झालं! मऊ भाताने विकेट काढली.

टायरट्यूब

मावशीला सांगितलं, थांबता येणार नाही. ती म्हणाली, "मी तुमच्या त्या क्लबात नाव घालते, मग तर थांबशील?"

चुलीवरची

पंत, नंबर व्यनि (खाजगी निरोप) केलाय. शुक्रवारी संध्याकाळी सातच्या आत फोन करा. आणि पाच जण असाल तर पाच सांगा, सहा असाल तर सहा. "चार-पाच" असा भात टाकता येत नाही.